पॅनेलवाली गाडी नेल्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, काम मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्याचं, राहणार बस डेपोमागची गल्ली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचं घर. पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, कोणाचं दडपण नसताना, विचारलं त्याप्रमाणे सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघं राहतो. पती वय एकसष्ट, वीज कंपनीच्या बिल खात्यातून निवृत्त. सासूबाई वय ब्याऐंशी. त्यांना मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते मी देते.

पतींनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तीत दोन आरोप आहेत. एक, मी त्यांची राहती गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत पळवून नेली. दोन, दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच गाडीच्या छतावर अडकवून ठेवलं. पहिली गोष्ट घडली आहे. दुसरीही साधारण घडली आहे. कशी घडली ते सांगते.

सदर गाडी पूर्वी डोळ्यांचा फिरता दवाखाना होती. दवाखाना बंद पडला तेव्हा पतींनी ती घेतली. आत दोन पलंग, एक ओटा, छोटा फ्रीज आणि पडद्याआड संडास अशी सोय करून घेतली. मागच्या भिंतीवर अक्षरं खाली खाली बारीक होत जाणारा तक्ता होता, तो अजून आहे. तो काढू नका असं सासूबाईंनीच सांगितलं. पलंगावर पडल्या पडल्या वाचायला काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं.

गाडी घेण्याचं कारण विचारलं म्हणून सांगते. निवृत्तीनंतर पतींना निसर्गाची ओढ लागली. नोकरीत असताना ती नव्हती. तेव्हा ते खिडकीजवळचं टेबलसुद्धा नको म्हणायचे, कागद उडतात म्हणून. आता म्हणू लागले, "आयुष्यभर लोकांना बिलं पाठवली. आता मला कोणाचं बिल नको, कोणाची तार नको. सूर्य आपला, वारा आपला. लांब कुठेतरी जाऊन राहायचं."

मी विचारलं, "अहो, आणि कपडे कुठे धुवायचे?"

ते म्हणाले, "तुझी झेप बादलीपर्यंतच."

पतींना विजेची माहिती होती का, असं विचारल्यावरून सांगते की, होती. बिलाच्या बाजूने होती. बाकीची त्यांनी फोनवर बघून मिळवली. फोनमध्ये एक गृहस्थ यायचे. कुठल्याशा वाळवंटात, काळा चष्मा लावून, आपल्या राहत्या गाडीपुढे उभे राहून ते गाडीवर सौर पॅनेल कसे बसवायचे ते शिकवायचे. त्यांचं नाव मला माहीत नाही. आम्ही घरात त्यांना चष्मेवाला म्हणतो. पती जेवतानाही चष्मेवाल्याला समोर बसवायचे. आमच्या गल्लीतला वायरमन एकदा मदत करायला म्हणून आला. पतींनी त्याला तासभर समजावून सांगितलं. तो मान डोलवत निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तोही चष्मेवाल्याला बघायला लागला. म्हणजे आडात नव्हतंच, आता पोहऱ्यालाही कोणी विचारेना.

पुढे घरातल्या प्रत्येक वस्तूला पती वॅटमध्ये मोजू लागले. पंखा इतके, मिक्सर इतके, इस्त्री तर विचारूच नका. एकदा सासूबाईंनी गमतीनं विचारलं, "आणि मी रे किती?"

पतींनी खरोखर हिशेब केला. म्हणाले, "तू एरवी काहीच नाहीस. पण तुझ्या इन्सुलिनसाठी फ्रीज चोवीस तास लागतो. त्यामुळे तू जड पडतेस."

सासूबाई हसल्या. मीही हसले.

पॅनेल बसवण्याचं काम आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मोकळ्या जागेत झालं. पती छतावर आणि मी खाली. "पान्हा दे. हा नाही, तो. तो नाही गं, मगाचचा." असं ते काम बरेच दिवस चाललं. पहिलं भोक पाडलं तेव्हा पलंग कसा आहे ते बघायला सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. ड्रिलचं टोक त्यांच्या डोक्यावर छतातून बाहेर आलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बघ गं, वरून कोणीतरी दार ठोठावतंय." ते भोक नंतर चिकट लुकणानं बुजवलं. उन्हात ते लुकण पातळ होऊन उशीवर ठिबकायचं.

छतावर हवा येण्यासाठी दवाखान्याच्या काळापासून एक झरोका होता. त्यामुळे एका पॅनेलची जागा अडत होती म्हणून पतींनी त्याच्यावरच पॅनेल बसवलं. तारा खिडकीतून आत घेतल्या, त्यामुळे ती खिडकी उघडेना. म्हणजे बाहेरच्या निसर्गात जायचं म्हणून गाडीत जेवढा निसर्ग येत होता तो आधी बंद केला. बॅटरी सासूबाईंच्या पलंगाखाली बसवली. बॅटरीत किती वीज उरली ते टक्क्यांत दाखवणारा छोटा पडदा दारापाशी लावला. मग पती गाडीत शिरले की माणसांकडे बघायच्या आधी टक्के बघायचे.

खोटं बोलणार नाही. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मलाही बरं वाटलं. गल्लीतली माणसं बोलावली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पती माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस?" त्यांचा चेहरा तेव्हा पोरासारखा झाला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला बोलावून त्यांनी काही दाखवलं असं फार वेळा झालेलं नाही. लिहून घेणारे जमादारसाहेब म्हणतात हे जबाबात नको. पण विचारलं होतं की आमचं आपसात पटत होतं का, त्याचं हे उत्तर आहे.

मग चष्मेवाल्यानं फोनवर एक पैज जाहीर केली. जिथे विजेचा खांब नाही अशा जागी सलग एक आठवडा राहायचं. इंजिन एकदाही सुरू करायचं नाही, कारण इंजिन चालू केलं की त्यावरही बॅटरी भरते आणि ती लबाडी झाली. शेवटच्या दिवशी कॅमेऱ्यापुढे उभं राहून हे सगळ्या जगाला थेट दाखवायचं. जो पूर्ण करील त्याला गाडीच्या काचेवर चिकटवायची एक रंगीत पट्टी पोस्टानं मिळणार होती. या पट्टीसाठी आम्ही गेलो.

सासूबाईंना सोबत नेण्याचं कारण असं की त्यांना ठेवायचं कोणाकडे, हा प्रश्न होता. आणि त्याही म्हणाल्या, "घरी चार भिंती बघायच्या, तिथे निदान अक्षरं आहेत." गाडी मी चालवली. पतींना ती गाडी चालवता येत नाही. ते आमच्याच स्कूलमध्ये शिकायला होते. विद्यार्थ्यांच्या प्रगतीबद्दल बाहेर बोलू नये असा आमच्याकडे नियम आहे.

जागा पतींनी निवडली. डांबरी रस्ता संपल्यावर बरंच आत, तळ्याच्या काठी, उघडं माळरान. औषधालासुद्धा झाड नाही. सावली नाही हीच त्या जागेची जमेची बाजू, असं पती म्हणाले. तळ्याच्या बांधावर चौकीदाराची खोली होती. ती लांब ठिपक्याएवढी दिसायची.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. ऊन कडक होतं, बॅटरी भरत होती. तळ्यावर फिरायला किंवा मासे धरायला कोणी आलं की पती त्यांना आग्रहानं गाडीत आणायचे आणि सगळी यंत्रं एकदम चालू करून दाखवायचे. किटलीत चहा, मिक्सरमध्ये सरबत, तिकडे इस्त्री. तळ्याकाठी कडक इस्त्रीचे शर्ट घालून पतींना कोणाला भेटायचं होतं ते मी विचारलं नाही. ते शर्ट त्यांनी गाडीच्या आरशापासून एका काठीपर्यंत दोरी बांधून तिच्यावर ओळीनं टांगले होते.

नंतर आभाळ मळकट झालं. ढग नाहीत, पाऊस नाही, नुसती धूळ. सूर्य ताटलीएवढा पांढरा दिसायचा आणि त्याच्यात काही दम नव्हता. टक्के उतरू लागले. पतींनी पॅनेल धुण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा एक कॅन ओतला. धुतलेल्या पॅनेलवर संध्याकाळपर्यंत पुन्हा धूळ बसली. मग काटकसर सुरू झाली. आधी पंखा बंद, मग दिवे बंद. सूर्याबरोबर आम्हीही मावळायला लागलो. पतींचा फोन, कॅमेरा आणि सिग्नल पकडण्याची काठी एवढं मात्र चालू होतं. त्याला ते अत्यावश्यक सेवा म्हणत.

फ्रीजबद्दल मी रोज विचारत होते. "अहो, फ्रीज चालू आहे ना?"

"हो गं बाई, हो."

फ्रीजमधला दिवा लागत नव्हता. तो काटकसरीत काढला असेल असं मी धरून चालले. हे माझं चुकलं.

पैजेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सासूबाई फार पाणी पीत होत्या. तोंड कोरडं पडतंय म्हणाल्या. जेवल्या नाहीत. उन्हामुळे असेल असं वाटलं, कारण गाडीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं आणि झरोका तर बंदच. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांना उठवलं तेव्हा त्या तक्त्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "आज ते वरचं मोठं अक्षरही दिसत नाही गं. पुसलं का कोणी?"

मी इंजेक्शनसाठी इन्सुलिनची बाटली काढली. ती हाताला कोमट लागली. काल ती जरा कमी गार वाटली होती, ते मी मनावर घेतलं नव्हतं. शेजारचं लोणी तेल झालं होतं. मी पतींना विचारलं, "फ्रीज कधी बंद केलात?"

"रात्रीपुरता."

"कालच्या रात्रीपुरता?"

"परवापासून म्हण. पण दार उघडलं नाही तर गारवा टिकतो. तूच सारखं दार उघडतेस."

सासूबाईंच्या बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासण्याचं यंत्र आमच्याकडे आहे. ते बॅटरीच्या छोट्या सेलवर चालतं, सूर्यावर नाही, म्हणून ते चालू होतं. साखर त्याच्या मापाबाहेर गेली की त्यावर आकडा येत नाही, 'हाय' असं इंग्रजी अक्षरात येतं. तेच आलं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं, बोलत राहाव्यात म्हणून. त्या म्हणाल्या, "यंत्रसुद्धा हाय म्हणतंय. घरात कोणी म्हणत नाही." त्यानंतर त्यांना उलटी झाली आणि मग त्या काही बोलल्या नाहीत.

मी बाहेर जाऊन पतींना म्हटलं, "आईंना दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

पती कॅमेऱ्याची तिकटी रोवत होते. म्हणाले, "अगं, आता थोड्याच वेळात थेट दाखवायचंय. ते झालं की लगेच निघू."

"थांबण्यासारखं नाही. येऊन बघा तरी."

"तुझं नेहमीचंच. वय झालंय तिचं, उन्हानं होतं असं. लिंबूपाणी दे."

"लिंबूपाण्यात साखर घालतात."

"मग बिनसाखरेचं दे! आणि हे बघ, इंजिनला हात लावायचा नाही. एवढ्यासाठी सगळ्यांची मेहनत मातीत जाईल."

"सगळ्यांची म्हणजे कोणाची?"

त्याच वेळी धुळीतून जरा ऊन पडलं होतं आणि चेहऱ्यावर उजेड चांगला येतो म्हणून ते गाडीकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

गाडीची किल्ली कुठून आली असं विचारल्यावरून सांगते की, किल्ल्या दोन आहेत. एक पतींच्या गळ्यात होती, दुसरी माझ्या पर्समध्ये. मी सासूबाईंना पलंगावर कुशीवर झोपवलं, त्या पडू नयेत म्हणून चादरीनं पलंगाला बांधलं. ओट्यावरचा गॅस बंद केला. पतींची खुर्ची बाहेर होतीच. पाण्याचा कॅन, खाण्याची पिशवी आणि त्यांची टोपी मी खुर्चीवर ठेवली. माणसाला निसर्गात एवढंच लागतं, असं त्यांनीच बऱ्याच जणांना सांगितलेलं मी ऐकलं होतं. कपड्यांची दोरी सोडायला वेळ झाला नाही.

त्यानंतर जे झालं त्याचा व्हिडिओ पतींनी स्वतःच पुरावा म्हणून दिला आहे. तो मला इथे दाखवण्यात आला. त्यात पती म्हणत आहेत, "मित्रांनो, ही जी गाडी तुम्ही माझ्या मागे बघताय, हिचं इंजिन आठवडाभरात एकदाही..." आणि मागे गाडी थरथरते. पती आवाज चढवून बोलत राहतात. गाडी वळते आणि चित्रातून निघून जाते. आरशाला बांधलेल्या दोरीवरून इस्त्रीचे पाच शर्ट हात हलवत तिच्यामागून जातात. मागे नुसतं तळं उरतं. मग पती वळून बघतात आणि ओरडतात, "माझे पॅनेल!"

हे वाक्य इथे मला दोनदा ऐकवण्यात आलं. एकदा पुरेसं होतं.

गाडी चोरली का, या प्रश्नाला माझं उत्तर असं की गाडी आम्हा दोघांच्या नावावर आहे. मी माझी अर्धी गाडी नेली. उरलेली अर्धी तिला जोडलेली असल्यामुळे तीही आली. तक्रारीत गेलेल्या मालात गाडी, सहा पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर, किटली आणि पाच शर्ट असं लिहिलं आहे. सासूबाई लिहिलेल्या नाहीत.

पतींना रानात टाकून दिलं हेही बरोबर नाही. बांधावरच्या चौकीदाराजवळ गाडी थांबवून मी त्याला सांगितलं की काठावर एक गृहस्थ आहेत, त्यांना मोटारसायकलवरून डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडा. चौकीदार म्हणाला, "ते इस्त्रीवाले साहेब?" मी हो म्हटलं. त्यानं त्यांना आणलं. पती आधी त्याच्या मागे बसायला तयार नव्हते, कारण मोटारसायकल पेट्रोलवरची होती, असं तो मला नंतर फोनवर म्हणाला. हे ऐकीव आहे.

शहरातल्या दवाखान्यात सासूबाईंना लगेच दाखल करून घेतलं. दोन्ही हातांना सुया लावल्या. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "इन्सुलिन उन्हात ठेवलं होतं का?"

मी म्हटलं, "सगळंच उन्हावर ठेवलं होतं."

त्या म्हणाल्या, "दुपार झाली असती तर अवघड होतं."

मी पतींना फोन लावला. लागला नाही. तो व्हिडिओ तोवर बऱ्याच लोकांनी बघितला होता. पतींचे व्हिडिओ एरवी दहा-बारा जण बघायचे, त्यात एक मी आणि एक वायरमन. त्या दिवशी किती जणांनी बघितला ते मोजता येत नाही म्हणतात. मी निरोप लिहून ठेवला. दवाखान्याचं नाव, पहिला मजला, खिडकीजवळची खाट, आणि आई वाचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पती आले. वॉर्डची खिडकी आवारावर आहे आणि तिच्या जवळच मी गाडी उभी केली होती, म्हणून मला दिसलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पत्र्याला हात लावला. मला वाटलं, आता जिन्याकडे वळतील. आवारात एक रंगारी भिंत रंगवत होता, तो चहा प्यायला गेला होता. पतींनी त्याची शिडी उचलली, गाडीला लावली आणि छतावर चढले. खिशातून रुमाल काढून एकेक पॅनेल पुसू लागले.

सासूबाई जाग्या होत्या. म्हणाल्या, "कोण गं ते वर?"

"तुमचा मुलगा."

त्यांनी मान उंचावून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या बोलल्या ते असं, "पडेल गं तो. जा, शिडी धर त्याची."

म्हणून मी खाली गेले आणि शिडी धरली.

वरून पतींनी विचारलं, "कोण आहे?"

"मी. आईंनी पाठवलंय शिडी धरायला."

"बरं झालं आलीस. हे बघ, एक पॅनेल तडकलंय. कुठल्या फांद्यांखालून घातलीस गाडी? शिकवतेस ना तू लोकांना?"

"आईंना बघायला येताय का वर?"

"येतो ना. आधी हे बघू दे. जोडणी ढिली झालीये सगळी."

तेवढ्यात रंगारी आला. म्हणाला, "बाई, शिडी माझी आहे. वरचा पट्टा राहिलाय माझा." मी शिडी त्याला दिली. ज्याची वस्तू त्याला देण्यात गुन्हा आहे असं मला वाटलं नाही. पतींना मी छतावर चढवलेलं नाही. ते स्वतःहून चढले होते आणि तिथे त्यांचं काम चालू होतं. मी वॉर्डात परत गेले.

थोड्या वेळानं खालून हाका सुरू झाल्या. "अगं! शिडी! शिडी कुठे गेली?" खिडक्या उघडल्या. नर्स आल्या, दुसऱ्या वॉर्डातले पेशंट आले. कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर पॅनेलवाले काका!" मग आवारात जो तो फोन काढायला लागला. उंटावरच्या शहाण्याला उंटावरून उतरता येईना, अशी गत झाली.

सासूबाई मला म्हणाल्या, "मला बसती कर." मी त्यांना उशा लावून खिडकीशी बसवलं. गाडीचं छत आणि वॉर्डची खिडकी यांत फार अंतर नव्हतं. पतींनी वळून बघितलं. सासूबाईंच्या अंगावर दवाखान्याचा झगा होता, दोन्ही हातांना नळ्या होत्या, केस विस्कटलेले होते. एका दिवसात त्या अर्ध्या झाल्या होत्या. पती हाका मारायचे थांबले.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, डोक्यावर काहीतरी घे. ऊन लागेल."

पतींच्या हातात पॅनेल पुसलेला रुमाल होता. धुळीनं काळा झालेला. तो त्यांनी तसाच डोक्यावर घेतला आणि ते पॅनेलच्या मध्ये खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "आई, कशी आहेस?"

सासूबाईंनी नळीचा हात जरा वर करून दाखवला. म्हणाल्या, "चार्ज होतेय."

नर्स हसल्या. खालची माणसंही हसली. पती हसले नाहीत. ते मान खाली घालून बसून राहिले. ते रडत होते की उन्हानं डोळे मिटले होते, ते मला वरून खात्रीनं सांगता येणार नाही.

रंगाऱ्याचा पट्टा पूर्ण झाल्यावर त्यानं स्वतःच शिडी आणून लावली. पती उतरले. आवारात लोक फोन धरून उभे होते. त्यांच्यामधून ते जिन्यापर्यंत आले. तिथे थांबले. मी वॉर्डच्या दारात येऊन उभी होते. पण ते वर आले नाहीत. फाटकातून बाहेर पडले आणि, आता मला कळतंय, सरळ इथे आले.

मला आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारलं, म्हणून सांगते. माझी पतींविरुद्ध काही तक्रार नाही. म्हणजे पोलिसांनी लिहून घ्यावी अशी नाही. गाडी दवाखान्याच्या आवारात आहे. त्यांना हवी तेव्हा त्यांनी न्यावी, चालवायला कोणी मिळालं तर. फ्रीज मी काढून वॉर्डात नेलेला नाही, दवाखान्याचा स्वतःचा आहे.

ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा मी सासूबाईंना सांगून निघाले. कुठे चाललीस विचारल्यावर मी पोलिसांत म्हटलं. त्या घाबरल्या. म्हणाल्या, "का गं? त्याचं काही चोरीला गेलं का?"

मी म्हटलं, "गाडी गेलीय म्हणतात."

त्या म्हणाल्या, "अगं, मग सांग ना त्याला, इथेच आहे म्हणावं. मीही इथेच आहे म्हणावं."

पती माझा फोन घेत नाहीत, म्हणून हा निरोप मी जबाबात घालत आहे.

वर लिहिलेलं सगळं जमादारसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ते मी सांगितलं तसंच आहे, त्यात कमी-जास्त नाही. पती बाहेर बाकावर बसलेले आहेत. वाचताना दार उघडं होतं. त्यांनाही ऐकू गेलं असेल.